टाच आणि लगाम

पवित्र शास्त्र घोड्याविषयी सहसा कौतुकाने बोलत नाही. तारणासाठी घोड्यावर भिस्त ठेवू नये, असे 33 वे स्तोत्र बजावते. त्याच्या आधीचे स्तोत्र म्हणते की, लगाम घातल्याशिवाय न ऐकणाऱ्या घोड्याखेचरासारखे आपण असू नये. ईयोबाच्या 39 व्या अध्यायात मात्र देव स्वतः घोड्याची थोरवी सांगतो. या वचनांवर आम्ही पुष्कळदा बोललो होतो. पण घोड्याच्या पाठीवर बसण्याचा योग वयाची पंचेचाळिशी आली तेव्हा आला.

आमचे बुऱ्हाणपूर घोड्यांना अपरिचित नाही. दख्खनचे दार म्हणून मोगलांची फौज येथूनच दक्षिणेत उतरे. 1667 साली मिर्झा राजा जयसिंग येथेच वारले. 1681 साली मराठ्यांच्या घोडदळाने येथील पुऱ्यांवर छापा घातला. आता गावात यंत्रमागांचा खडखडाट आणि केळीचे ट्रक. घोडा दिसतो तो वरातीपुरता. आमचा एक शाळासोबती घोडदळातील नोकरी संपवून गावी परतला. तापीच्याच काठी, पण खाली नंदुरबार जिल्ह्यात, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या वेळी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून त्याने दोन जनावरे आणली, आणि आम्हां तिघा मित्रांना म्हणाला, "या रे, अजून म्हातारे झाला नाहीत."

पहिल्या हिवाळ्यात आम्ही फक्त मांड बसवायला शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने शेताच्या कडेला उडीची वाट आखली: एक पडलेला बाभळीचा ओंडका, एक कोरडा चर आणि शेवटी गुडघाभर उंचीचा दगडी बांध. उघड्या रानातून घोडा दौडवीत असे अडथळे ओलांडणे, याला क्रॉस-कंट्री म्हणतात. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये ज्या तिहेरी स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी सुवर्णपदक मिळविले, तिचा हा सर्वांत कठीण भाग. मैदानावरच्या उड्यांत टापेचा धक्का लागला की आडवा बांबू खाली पडतो. रानातले अडथळे पक्के असतात. ते सहसा पडत नाहीत. पडतो तो घोडा किंवा स्वार.

मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "उपदेश करणाऱ्या माणसाने या वयात हाडे मोडून घ्यावी काय? ही देवाची परीक्षा पाहणे नव्हे काय?" प्रश्न रास्त होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूने नकार दिला, हे आम्हांलाही ठाऊक आहे. आम्ही एवढेच उत्तर दिले की, शिकून आणि बेताने केलेले साहस वेगळे, चमत्काराच्या भरवशावर टाकलेली उडी वेगळी. परंतु खरा प्रश्न आमच्यापुढे नंतर उभा राहिला, तो बांधापाशी.

ओंडका झाला, चर झाला. बांधापाशी घोडी अडली. वळवून पुन्हा आणली, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा तिने पुढचे पाय असे रोवले की आम्ही तिच्या मानेवर आदळलो. मित्र पाहत होते. आम्ही चाबूक उगारला आणि दोनदा मारला. तेव्हा आमचा तो सोबती धावत आला आणि चाबूक हातातून काढून घेत म्हणाला, "तिचा अपराध काय? तुझी टाच म्हणते चल, आणि तुझा हात लगाम ओढून म्हणतो थांब. तिने कोणाचे ऐकायचे?"

येथेच आमचे घोडे पेंड खात होते! भीती आमची होती आणि मार तिला बसला होता.

मग त्याने समजावून सांगितले. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. म्हणून उडीच्या ऐन क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड होतो. आधी जे पाहिले ते, आणि पाठीवरच्या माणसाचा निश्चय, एवढ्यावरच तो झेप घेतो. स्पर्धेत घोडा अडला तर पहिल्या वेळी वीस दंडगुण लागतात, पण ते घोड्याचे वेगळे आणि स्वाराचे वेगळे असे लिहिले जात नाहीत; जोडीच्या नावावर लागतात. आणि स्वाराने आपला राग काढण्यासाठी चाबूक वापरू नये, असा नियमच आहे.

आम्हांला बलामाची आठवण झाली. त्यानेही आपल्या गाढवीला तीनदा मारले. तिला वाटेत देवदूत दिसत होता, संदेष्ट्याला दिसत नव्हता. आमच्या घोडीला देवदूत दिसला नाही. तिला कळली ती आमची भीती, आणि तीही आमच्याआधी.

घरी परततांना मन घोडीपाशी राहिले नाही, मुलीपाशी गेले. नर्सिंग शिकण्यासाठी तिला दूरच्या शहरी पाठविले, तेव्हा आम्ही कुटुंबप्रार्थनेत मोठ्या विश्वासाने तिला देवाच्या हाती सोपविले होते. मग रोज रात्री फोन करून विचारीत होतो, "जमते ना? नाही तर परत ये." चार महिन्यांनी ती परत आली. तेव्हा आम्ही तिला काय सुनावले? तुझा विश्वास उणा पडला, असे सुनावले. तो चाबूकच होता.

मंडळीतही असेच घडते. तरुणांनी पुढे यावे, असे व्यासपीठावरून आपण कळकळीने सांगतो. ते पुढे आले की पंचकमिटीत त्यांचा प्रत्येक बेत हाणून पाडतो, किल्ल्या आणि हिशेबाची वही सोडीत नाही. मग पुढच्या वर्षी म्हणतो, हल्लीच्या पिढीत सेवेची ओढच नाही. द्विबुद्धीच्या मनुष्याविषयी याकोब लिहितो, तेव्हा आपण संशयी प्रार्थनेचाच विचार करतो. पण दुसऱ्याला पुढे ढकलून मागे ओढणारा, हाही द्विबुद्धीच नव्हे काय?

मग लगाम सोडूनच द्यावा काय? नाही. मोकाट घोडा स्वतःला आणि स्वाराला दोघांनाही खड्ड्यात घालतो. लगाम हातात असावा, पण हात मऊ असावा. शिवाय प्रत्येक अडणे स्वाराच्याच दोषाने होते, असेही नाही. कधी बांध खरोखरच उंच असतो. म्हणून जो दुसऱ्याला घेऊन जातो, त्याच्यावर जास्त जबाबदारी येते. घोड्याने बांध मागितलेला नसतो. उडीची हौस स्वाराची असते.

या खेळातला एक नियम आम्हांला फार आवडला. स्पर्धेच्या आधी स्वार सगळी वाट पायी चालून पाहतो, प्रत्येक अडथळ्यापलीकडची जमीन पारखतो. घोड्याला ती वाट आधी दाखविण्याची मुभा नसते. इब्री लोकांस लिहिलेले पत्र प्रभु येशूला आपल्यापुढे गेलेला म्हणते. ज्या बांधावर तो आपल्याला नेतो, तो त्याने आपल्या पायांनी आधी ओलांडला आहे, वधस्तंभ वाहून ओलांडला आहे. आपण मात्र मुलांना आणि तरुणांना ज्या वाटेने धाडतो, ती पायी चालून न पाहताच धाडतो.

पुढच्या आठवड्यात सोबत्याने आम्हांला खाली उतरवून बांधापर्यंत चालत नेले. पलीकडे नुसती मऊ काळी माती होती. मग आम्ही लगाम सैल सोडला, आयाळ धरली, आणि घोडी गेली. आमची एक रिकीब सुटली. उडी काही देखणी झाली नाही.

त्या रात्री आम्ही मुलीची क्षमा मागितली. परत जायचे की नाही, ते तिने अजून ठरविलेले नाही. ठरवील तेव्हा तिच्या पाठीशी आमचा हात एकच गोष्ट सांगो, एवढीच प्रार्थना आम्ही करीत आहो. वाचकहो, तुमच्याही घरी किंवा मंडळीत कोणी अडून उभे असेल. चाबकाला हात घालण्यापूर्वी आपला दुसरा हात काय करीत आहे, ते एकदा पाहू या.