शेवटच्या घडीची सेवा





माउलींनो, आपण बासरला जातो, गोदामाईत स्नान करतो, बाटलीत पाणी भरून आणतो. शेवटच्या घडीला तोंडात दोन थेंब पडावेत म्हणून. भाव चांगलाच आहे. पण माणूस बेशुद्ध असतो, गिळता येत नाही आणि आपण चमच्याने पाणी ओततो. ते श्वासात जातं, जीव घुसमटतो. सिस्टर हात धरते तर आपल्याला राग येतो, "हिला काय कळतं आपल्या धर्मातलं?" अहो, तिलाच कळतं! ती कापूस ओला करून ओठांवरून फिरवते. गोदामाई तेवढ्यानंही पोचते.

मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन आहे. बरा न होणारा कॅन्सर झालेल्यांसाठी १९८६ साली सुरू झालं. तिथे ख्रिस्ती सिस्टर सेवा करतात, रुग्ण कुठल्याही धर्माचा असो. पैसे घेत नाहीत. लंडनला १९६७ साली असंच घर उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांची शिकवण अशी की मरणाऱ्याचं दुखणं नुसतं देहाचं नसतं. मनाचं, नात्यांचं आणि देवाशी राहिलेल्या बोलण्याचंही असतं.

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा विषय आहे. आता सांगा, अंग कळांनी पिळवटत असताना नाम आठवेल का? वेदनेचं औषध वेळेवर देणारी, कूस बदलून देणारी सिस्टर ही नामस्मरणाला वाट करून देत असते. ती पगार घेते हे खरं. पण रात्री तीनला परक्या म्हाताऱ्याचा हात हातात धरून बसणं, हे पगारात लिहिलेलं नसतं बाबा.

मग आपण काय करायचं?

🌼 डोळे मिटले तरी त्यांना ऐकू येतंय असं समजूनच बोला. उशाशी शेताच्या वाटणीची गोष्ट नको.
🌼 हळू आवाजात नाम घ्या. दहा जणांनी मिळून ओरडू नका.
🌼 "चुकलं असेल तर माफ करा, आमची काळजी करू नका," एवढं म्हणा. पुष्कळांचा जीव तिथेच अडकलेला असतो.
🌼 घशात घरघर लागली की घाबरू नका. सिस्टरला विचारा, ती समजावून सांगेल.
🌼 माणूस गेल्यावर सिस्टरवर राग काढू नका. तिचेही डोळे भरलेले असतात, फक्त तिला पुढच्या खाटेकडे जायचं असतं.

आपल्या गावाचं नावच निर्मल. मनही तसंच ठेवू या. दवाखान्यातून निघताना तिला हात जोडा. तोही नमस्कार गुरुचरणीच पोचतो.

घरच्या ग्रुपवर जरूर वाचून दाखवा.

॥ शुभं भवतु ॥