चिखल कुणाच्या खात्यावर?

लातूरला समुद्र नाही. २०१६ साली तर प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. नांदेडला गोदावरी आहे, पण तिच्यात आरमार चालत नाही. मग समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवायच्या गोष्टी डाळमिलमधल्या माणसानं कशाला कराव्यात? कराव्यात. कारण जो बेत आखतो तो मरायला जात नाही, आणि जो मरायला जातो त्याला बेत दाखवत नाहीत. या दोघांत जाब कुणी कुणाला द्यायचा, हा सवाल आपलाही आहे.

साल १९४५. युद्ध संपत आलेलं. मे महिन्यात जर्मनी पडला, जपान मलायात ठाण मांडून बसलेला. माउंटबॅटनच्या कचेरीत ‘ऑपरेशन झिपर’ शिजत होतं. मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मोरिब आणि पोर्ट डिक्सनच्या बाजूला, फौज उतरवायची. सुमारे लाखभर माणूस. त्यात २३ आणि २५ नंबरच्या हिंदी डिव्हिजन. असल्या उतरणीची तालीम आपल्या महाराष्ट्रातही व्हायची. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तळ्याकाठी त्यासाठी अँगोस्टुरा नावाचं खोटं जहाज होतं. आज तिथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे.

बेत म्हणजे नकाशावर बाण काढला की झालं, असं नसतं. भरती किती वाजता, रात्री चांदणं किती, किनाऱ्याला उतार कसा, होडी कुठं टेकणार, गाडी वाळूत चालणार का. आणि जहाज भरणं. हे मला लगेच कळलं, कामून की मी रोज ट्रक भरतो. तीन दुकानांचा माल असला तर शेवटच्या दुकानाचे कट्टे आधी आत टाकायचे, पहिल्याचे दाराशी. मुनीम हे विसरला की भर उन्हात सगळी थप्पी हलवावी लागते. हमालाला, मुनीमाला नाही. लढाईत थप्पी चुकली तर दारूगोळा तळाशी अन् माणूस गोळीसमोर.

१५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली. २ सप्टेंबरला सही झाली. तरी ९ सप्टेंबरला फौज उतरलीच, गाडा सुटलेला होता. समोरून एक गोळी नाही. आणि मोरिबला वाळूखाली चिखल निघाला. गाड्या रुतून बसल्या. आधी पाहणी केली नव्हती असंही नाही. विमानातून फोटो काढले होते, रात्री पोहणारी माणसं धाडली होती. नंतर इंग्रजांच्याच इतिहासकारांनी कबूल केलं, की जपानी लढले असते तर फौजेची दैना झाली असती.

आता दोस्तांनो, जपानी खरंच लढले असते तर त्या चिखलाचं काय झालं असतं? मला वाटतं, तो पदकांखाली गेला असता. एखादा खांब उभा राहिला असता. समोर शत्रू नव्हता म्हणून चूक उघडी पडली. मरणाऱ्याचं धाडस बेत आखणाऱ्याला झाकून घेतं. दरसाल १ जानेवारीला आपण कोरेगावच्या खांबापुढं उभे राहतो, तेव्हा हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला पाहिजे. सलाम करायचाच. पण तो मेलेल्यांना, कंपनी सरकारच्या बेताला नाही.

दुसरी बाजू याहून वाईट. जपानी बंगालच्या किनाऱ्यावर उतरतील या भीतीनं १९४२ साली सरकारनं तिथल्या होड्या धरल्या. दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी होडी दिसली की जप्त. किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळही हलवला. जपानी तिथं उतरलेच नाहीत. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणूस मेलं. तीस लाखांपर्यंत आकडा सांगतात. ब्रह्मदेशचा तांदूळ तुटला होता, भाव भडकले होते, सरकारनं हात आखडला होता, अशी कारणं पुष्कळ. पण होडी गेली तेव्हा कोळ्याचं, नावाड्याचं जेवण गेलं. त्यात नमोशूद्र किती असतील! ज्या पूर्व बंगालातल्या दलितांच्या प्रतिनिधींनी १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीत धाडलं, तोच हा मुलुख. ही माणसं युद्धात मेली असं कुणी म्हणतच नाही. त्यांना खांब कुठला?

आमचा एक मित्र म्हणतो, ‘‘ते युद्ध फॅसिस्टांविरुद्ध होतं. बाबासाहेबांनी स्वतः त्याला पाठिंबा दिला, १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली. मग काय, बेत चावडीवर वाचून दाखवायचा? शत्रूला पत्ता लागंल की!’’ बरोबर आहे त्याचं. शत्रूपासून लपवावंच लागतं. युद्ध न्यायाचं असलं तरी माणसं मरतात, हेही मान्य. पण कारण न्यायाचं म्हणून हिशेब माफ, हे कुठून आलं? सावकारही देवाच्या नावानंच खातं उघडतो. चिखल दिसला नाही, ही चूक झाली. माणसाच्या हातून होते. पण ती चूक मेलेल्याच्या शौर्याच्या खात्यावर लिहायची, हा बदमाशपणा आहे. त्याला मी माफी देणार नाही.

आपल्याकडंही बेत होतात. मोर्चा, रास्ता रोको, घेराव. कुठल्या नाक्यावर लाठी उठणार याचा अंदाज आखणाऱ्याला असतो. पहिल्या रांगेत वस्तीतली रोजंदारीची पोरं. केस झाली की तारखेला रोज बुडतो तो त्यांचाच. त्यांना नकाशा दाखवला का कधी? तारीख ठरवायच्या आधी नांदेडच्या, लातूरच्या बैठकीत एकदा त्यांना बोलवा, बसवा, विचारा. एखादा म्हणंल, त्या नाल्याच्या अंगानं जाऊ नका, तिथं चिखल हाय.