विनंती, मध्यस्थ आणि हेतू

एचटीटीपी म्हणजे वेबवर ब्राउझर आणि सर्व्हर ज्यांनुसार बोलतात ते नियम. त्यांच्या मूळच्या मजकुरी रूपात विनंतीच्या पहिल्या ओळीत पहिला शब्द क्रियेचा असतो. गेट म्हणजे दाखवा. पोस्ट म्हणजे हे घ्या आणि त्यावर कार्यवाही करा. पुट म्हणजे हे इथे ठेवा. डिलीट म्हणजे हे काढून टाका. पत्ता त्यानंतर येतो. मागणाऱ्याला समोरच्याकडून काय घडवून हवे आहे, हे त्याने सर्वांत आधी सांगायचे असते. ही मांडणी यंत्रांच्या सोयीसाठी झाली, पण तिच्या पोटात धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. मागणे म्हणजे नेमके काय, आणि मागण्यातून जे घडते त्याची जबाबदारी कोणाची?

विरारच्या जीवदानी देवीच्या मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी काही जण नुसते दर्शनाला निघालेले असतात, काही नवस बोलायला किंवा फेडायला. दर्शन दहा वेळा घेतले तरी भाविकाच्या माथी काही देणे उरत नाही. नवसाचे तसे नाही. तो बोलला की भाविक बांधला जातो आणि फेडेपर्यंत मोकळा होत नाही. गेट आणि पोस्ट यांच्यातला फरक याच जातीचा आहे. एचटीटीपीच्या मानकात गेटला ‘सुरक्षित’ म्हटले आहे, कारण त्याने पलीकडच्या स्थितीत बदल मागितलेला नसतो. १९९९ सालच्या मानकाने त्याहून पुढची गोष्ट सांगितली आहे. गेटमुळे काही अनपेक्षित बदल घडलाच, तर वापरणाऱ्याने तो मागितला नव्हता, म्हणून त्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. तांत्रिक दस्तऐवजात इतके स्वच्छ नीतिविधान क्वचितच सापडते.

या विधानाची कसोटी २००५ साली लागली. गूगलच्या वेब अ‍ॅक्सिलरेटर या साधनाने पानावरचे दुवे वाचकाने उघडण्याआधीच आणून ठेवायला सुरुवात केली. काही वेब-प्रणालींत ‘काढून टाका’ हासुद्धा गेटचा साधा दुवा होता. साधनाने तो केवळ पाहण्यासाठी उघडला आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

दोष कोणाचा? हा प्रश्न नवा नाही. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचा नालासोपारा. त्याचा उल्लेख बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांच्या वाङ्मयात येतो आणि नेमक्या याच प्रश्नावर त्या दोन परंपरांचा वाद झालेला आहे. बौद्ध मताने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. हेतू नसेल तर कर्म चिकटत नाही. जैनांच्या सूत्रकृतांगात या मताचा कडक प्रतिवाद आहे. न पाहता, न जपता केलेल्या कृतीतून हिंसा झाली तर हेतूचे कारण पुढे करून सुटता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच ‘प्रमाद’, म्हणजे बेसावधपणा, घातलेला आहे. वरच्या घटनेत दोन्ही मते आपापल्या जागी लागू पडतात. वाचकाचा हेतू पाहण्याचा होता, तो सुटतो. पुसण्याचे काम गेटवर सोपवणारा प्रोग्रामर प्रमादी ठरतो, मग त्याच्या मनात कोणाचे वाईट नसले तरी.

आता मध्यस्थाचा प्रश्न. जावाच्या वेब-पानांत, म्हणजे जेएसपीत, टॅग लायब्ररी हे मध्यस्थीचे साधन आहे. पानात जावाचा कोड विखरून लिहिण्याऐवजी ठरलेल्या नावाचा टॅग लिहायचा आणि त्यामागचे काम लायब्ररीने करायचे. २००२ साली जेएसटीएल ही प्रमाण लायब्ररी आली. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या ‘एंटरप्राइज जावा’ या विषयात ती शिकवली गेली. तिथे हे टॅग वाक्यरचना म्हणून शिकले जात. वास्तविक त्यांत मध्यस्थीच्या निरनिराळ्या तऱ्हा दिसतात आणि त्या तशा समजून घेतल्या तर लक्षातही चांगल्या राहतात.

जेएसपीचा मूळचा इन्क्लूड टॅग आपल्याच घरात फिरतो. मागणाऱ्याची विनंती आहे तशी उचलून तो त्याच अ‍ॅप्लिकेशनच्या दुसऱ्या पानाकडे नेतो, त्यामुळे मागणारा कोण हे तिथेही कळते. जेएसटीएलचा इम्पोर्ट परक्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता घेऊन घराबाहेर जाऊ शकतो. पण तेव्हा तो मूळ विनंती पुढे नेत नाही. सर्व्हर स्वतः नवी विनंती करतो आणि वाचकाच्या कुकी, त्याची ओळख, त्याचे सेशन आपोआप पलीकडे पोहोचत नाही. पलीकडच्याला दिसतो तो मध्यस्थ. रीडायरेक्ट हा टॅग तर बाजूलाच होतो. तो ब्राउझरला नवा पत्ता देतो आणि तिथे जाऊन तूच माग, असे सांगतो.

वसईच्या कॅथलिक समाजात मध्यस्थी हा शब्द रोजच्या प्रार्थनेतला आहे. रमेदी मातेकडे किंवा मूळचे वसईचे आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे भाविक जे मागतो, ते ‘आमच्यासाठी विनंती कर’ असे असते. देणारा देवच, हे त्यात गृहीत आहे. संत स्वतःच्या नावाने बोलतो, पण ज्याच्यासाठी बोलतो त्याला विसरत नाही. इम्पोर्टमध्ये नेमका हाच दुवा तुटू शकतो. कोणत्या पत्त्यावर जायचे हे वाचकाने दिलेल्या मजकुरावरून ठरू दिले, तर बाहेरच्या माणसाला बंद असलेली आतली दारे सर्व्हर आपल्या अधिकाराने उघडून देतो. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली अशा फसलेल्या मध्यस्थाला ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ म्हटले. विश्वास मध्यस्थावर असतो, इच्छा दुसऱ्याची असते, आणि त्या दोहोंची गाठ तपासायला कोणी उरत नाही. म्हणून परवानगीच्या पत्त्यांची यादी आधी ठरवावी लागते.

पुनरावृत्तीचा प्रश्न यालाच लागून येतो. पुट आणि डिलीट दहा वेळा केले तरी पलीकडची स्थिती एकदा केल्यासारखीच राहते. पोस्टला ही हमी नाही. पैसे भरण्याची विनंती दोनदा गेली तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. कॅथलिकांची नोव्हेना ही प्रार्थना नऊ दिवस चालते, म्हणून मागण्या नऊ होत नाहीत. ख्रिस्ती तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रार्थनेने देवाचा निश्चय बदलत नाही. जे प्रार्थनेतून मिळावे असे देवाने ठरवले आहे, ते माणूस मागून घेतो. या अर्थाने पुन्हा पुन्हा केलेली प्रार्थना पुटच्या जवळ जाते. सम्राट अशोकाचा रोख वेगळा आहे. त्याच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली सोपाऱ्याजवळच्या भुईगावात सापडला. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक अनेक मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. दास-नोकरांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा आदर हे मोठ्या फळाचे मंगल, असे तो लेख सांगतो. विधी किती वेळा केला, हे तिथे गौण आहे.

टॅगांनी पोस्टसारख्या विनंत्याही पाठवाव्यात, असा प्रयत्न झाला. बाहेरच्या पत्त्यासाठी जेएसटीएलचा इम्पोर्ट गेटच करतो. त्याला पद्धत किंवा हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहिती, सांगण्याची सोय नाही. जावासाठीच्या जकार्ता प्रकल्पातल्या आयओ नावाच्या टॅग लायब्ररीत ती सोय होती. तिच्यामुळे पद्धत, हेडर आणि विनंतीचा मजकूर पानातच लिहिता येऊ लागला. ताकद वाढली, पण जे पान केवळ दाखवण्यासाठी उघडले जाते तेच आता दुसरीकडे बदल घडवू लागले, आणि गेटने दिलेले सुरक्षिततेचे वचन आतून पोकळ झाले. पुढे प्रचलित झालेली शिस्त अधिक योग्य आहे. बदल मागणारी विनंती सर्व्हलेटने, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा-प्रोग्रामने, किंवा त्यामागच्या थराने हाताळायची, ती पुन्हा आली तर ओळखता यावी म्हणून फॉर्मसोबत एकदाच चालणारे टोकन द्यायचे, काम झाल्यावर रीडायरेक्ट करून वाचकाला गेटकडे वळवायचे, आणि जेएसपीने हाती आलेले तेवढे दाखवायचे.