स्मरणरंजन आणि न पाहिलेले चित्रपट

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा बहुधा दूषण म्हणूनच वापरली जाते. योहानेस होफर याने १६८८ मध्ये ग्रीक घटकांपासून घडविलेल्या ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दात मात्र परतीची ओढ आहे, वेदना आहे, रंजन नाही. सोव्हिएत राजवटीत वाढलेल्या पिढ्या चित्रपटगृहांविषयी ज्या हळवेपणाने बोलत आल्या आहेत, त्याचे नैतिक मूल्यमापन करताना हा फरक नजरेआड करून चालत नाही.

राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. युद्धाने पोळलेल्या, एकेका सदनिकेत अनेक कुटुंबांनी दाटीने राहणाऱ्या त्या समाजाला अंधारात गाणे, प्रेम आणि निःसंकोच रडणे लाभले. यालाच पलायन म्हणण्याची रीत आहे. पण चित्रपट निवडणारे, त्याला रशियन बोलायला लावणारे आणि तिकिटाचे पैसे गोळा करणारे हात राज्याचेच होते. १९५२ मध्ये टारझनचे अमेरिकी चित्रपट तेथे झळकले, तेही युद्धात हाती लागलेल्या प्रतींवरून. तेव्हा ही मोकळीक म्हणजे कैद्याला फिरण्यासाठी दिलेले अंगण होय, असे म्हटले जाऊ शकते.

हा निष्कर्ष घाईचा आहे. परवानगी देणाऱ्याला तिच्या उपयोगावर ताबा ठेवता येत नाही. ‘आवारा’तील न्यायाधीशाची धारणा अशी, की गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. अधिकाऱ्यांना या कथेत भांडवली समाजावरील टीका दिसली असेल. परंतु स्तालिनच्या मृत्यूला जेमतेम दीड वर्ष लोटले होते आणि ‘जनतेच्या शत्रूं’ची मुले बापाच्या नावाचा डाग घेऊन वावरत होती. अशा प्रेक्षकाला तीत काय दिसावे, हे कोणता सेन्सॉर ठरविणार होता?

मग ही स्मृती निर्दोष ठरते काय? खरी अडचण येथे आहे. अलेक्सांद्र आस्कोल्दोव यांचा ‘कमिसार’ १९६७ मध्ये पूर्ण झाला आणि दोन दशके दडपला गेला. त्यांना पुढे एकही कथापट करता आला नाही. अशा चित्रपटांना तिकडे ‘फळीवरचे’ म्हणत. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी मेन्झेल यांचा १९६९ चा ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ १९९० पर्यंत असाच पडून होता. जे पाहिलेच नाही त्याची हुरहुर लागत नाही. म्हणून सेन्सॉरने कापलेला भाग स्मृतीत पोकळी म्हणूनही उरत नाही. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये पुनःस्थापक आणि चिंतनशील नॉस्टॅल्जिया असा भेद केला. तो उपयुक्त खरा, पण या ठिकाणी अपुरा पडतो. चिंतनशील स्मृतीदेखील अनुभवलेल्याच गोष्टीभोवती घुटमळते.

‘आवारा’ पाहून रडलेल्या कामगाराने पुढे फळीवर जाणाऱ्या चित्रपटांचा हिशेब द्यावा, ही मागणी अन्यायाची होईल. परंतु १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कपाटे उघडली. त्यानंतर आठवणे ही नुसती मनात घडणारी गोष्ट राहिली नाही. तिच्यात निवड आली. ‘कमिसार’मध्ये गृहयुद्धाच्या काळात लाल सेनेतील एक गर्भवती स्त्री गरीब ज्यू कुटुंबाच्या घरी राहते आणि तेथेच प्रसूत होते. ज्या प्रेक्षागृहांत हजारो अनोळखी माणसे परक्या देशातल्या एका पोरासाठी एकत्र रडली, तेथे हे घरही वीस वर्षे आधी दिसू शकले असते.