नर्तिकेचे छायाचित्र आणि क्षणाचे माप

नृत्य काळात घडते आणि छायाचित्र काळाबाहेर उभे असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच सभागृहातील मंद प्रकाशात फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपलेले नर्तिकेचे छायाचित्र हे नृत्याचे चित्र आहे, की नाचणाऱ्या एका शरीराचे, हा प्रश्न केवळ कलामीमांसेचा राहत नाही. गती ही खरोखर आहे काय, असा तो प्रश्न बनतो, आणि त्यावर बौद्ध व न्याय-वैशेषिक दर्शनांमध्ये शतकानुशतके वाद झालेला आहे.

बौद्ध आचार्य वसुबंधूने ‘अभिधर्मकोशभाष्या’त गतीचे अस्तित्व नाकारले आहे. कारणांपासून उत्पन्न होणारी प्रत्येक वस्तू जेथे उत्पन्न होते तेथेच, उत्पन्न होताक्षणीच नष्ट होते, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यासाठी ती उरतच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. लगतच्या जागी, लगतच्या क्षणी तिच्यासारखी दुसरी वस्तू उत्पन्न होते, आणि अशा सदृश वस्तूंच्या अखंड परंपरेला, जिला संतान म्हणतात, पाहणारा गती समजतो. या मताप्रमाणे नर्तिकेचा हात छातीपासून कपाळापर्यंत जातच नाही, आणि मग स्थिर छायाचित्रात काहीच हरवत नाही. उलट डोळ्यांना होणारा गतीचा भ्रम त्यातून वजा झालेला असल्यामुळे तेच अधिक सत्य ठरते.

वैशेषिकांच्या मते मात्र कर्म, म्हणजे हालचाल, हा द्रव्य आणि गुण यांच्यासारखाच स्वतंत्र पदार्थ आहे. कर्मामुळे द्रव्य एका जागेपासून विभक्त होते व दुसऱ्या जागेशी संयुक्त होते, आणि हे घडेपर्यंत ते द्रव्य टिकून राहिले पाहिजे. ते टिकते याला नैयायिक प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हा तोच हात’ अशा ओळखीच्या ज्ञानाचा, आधार देतात. या दृष्टीने पाहता छायाचित्रात द्रव्य आणि त्याचा आकार उतरतो, कर्म मात्र गळून पडते, आणि कर्म गळलेले नृत्य हे नृत्यच नव्हे.

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसेल, ती अशी की छायाचित्र हे एका क्षणाचे असते. कॅमेऱ्याचे कार्य नीट पाहिले तर हे गृहीतच डळमळते. ४०० आयएसओच्या फिल्मवर मंचावरील दिव्यांच्या प्रकाशात चित्र उमटवायचे, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/२ इतके मोठे ठेवूनही शटर अनेकदा १/६० सेकंद उघडे ठेवावे लागते. वेगाने फिरणारा हात सेकंदाला ३ मीटर जातो असे धरले, तर तेवढ्या अवधीत तो ५ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि फिल्मवर पुसट पट्ट्यासारखा उमटतो. शटर १/१००० सेकंदावर नेले तरी ३ मिलिमीटरांचे सरकणे उरतेच. अवधी शून्य केला तर सरकणे थांबेल, पण त्याबरोबर प्रकाशही शून्य होईल आणि फिल्मवरील रजतक्षारांत कोणताही बदल घडणार नाही. अवधी नसलेल्या क्षणाचे छायाचित्र या कारणाने अशक्य आहे.

येथे ‘अभिधर्मकोशा’तील कालगणना विशेष उद्बोधक ठरते. तेथे १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र मानले आहे, म्हणजे अहोरात्रात ६४,८०,००० क्षण होतात आणि एक क्षण सुमारे १/७५ सेकंदाचा ठरतो. सभागृहात छायाचित्रकाराला जो वेग पत्करावा लागतो त्याच्या हे माप अगदी जवळ आहे, आणि एवढ्या अवधीत वर धरलेल्या वेगाचा हात ४ सेंटिमीटर सरकतो. पण त्याच ग्रंथात क्षणाचे दुसरे लक्षणही येते, ते असे की गतिमान धर्म, म्हणजे अस्तित्वाचा मूलघटक, एका परमाणूपासून लगतच्या परमाणूपर्यंत जाण्यास जो काळ घेतो तो क्षण. ४ सेंटिमीटर आणि एक परमाणू यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे व्यवहारात मोजलेला क्षण आणि तर्काने मानलेला क्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असेच म्हणावे लागते. क्षणिकवादाचा साक्षीदार म्हणून पुढे केलेले छायाचित्र अशा रीतीने अवधीच्याच बाजूने साक्ष देते.

छायाचित्रकारांनी या अवधीला दोन तऱ्हांनी उत्तर दिलेले आहे. बार्बरा मॉर्गन यांनी नर्तिका मार्था ग्रॅहम यांची छायाचित्रे प्रयोगाच्या वेळी न घेता स्टुडिओत, प्रकाशयोजना स्वतः ठरवून घेतली, आणि ‘लेटर टू द वर्ल्ड’ या नृत्यनाट्यातील १९४० चे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र शिल्पासारखे रेखीव आहे. अ‍ॅलेक्सी ब्रोडोविच यांनी मात्र १९३५ ते १९३७ या काळात बॅले मंडळींचे प्रयोग उपलब्ध प्रकाशातच टिपले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॅले’ या पुस्तकात आकृतींचा पुसटपणा आणि फिल्मचा दाणेदारपणा मुद्दाम राखला. नैयायिकाच्या भाषेत हा पुसटपणा म्हणजे लिंग, अर्थात अनुमानाला आधार देणारी खूण, होय. धुरावरून अग्नीचे ज्ञान व्हावे तसे त्यावरून, चित्रात प्रत्यक्ष नसलेल्या कर्माचे ज्ञान होते.

बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना ते कल्पनारहित, म्हणजे नाव-जातीची जोड नसलेले, ज्ञान असते असे म्हटले आहे. फिल्म या लक्षणाच्या जवळ जाते असे वाटेल, कारण तिच्यावर जे उमटते त्याला ती नर्तिका म्हणत नाही. परंतु ज्ञान होण्यासाठी लागणारा जाणता तेथे नाही. एसएलआर कॅमेऱ्यात तर फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हा आरसा वर गेलेला असल्याने व्ह्यूफाइंडर अंधारतो, आणि टिपला जाणारा अवधी छायाचित्रकाराच्या डोळ्यांना दिसतच नाही. तो त्या अवधीची निवड पाहून करीत नाही, तालाच्या अपेक्षेने करतो. कथकमधील तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोलसमूह, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणार हे मागील बोलांवरून ओळखून तो किंचित आधीच बटण दाबतो. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायातील १०८ करणांबाबतही, म्हणजे नृत्यातील मूलभूत एककांबाबतही, असेच आहे. चिदंबरमच्या गोपुरांवर ती स्थिर मूर्तींच्या रूपात कोरलेली असली, तरी नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने करण ही क्रिया मानली आहे, आणि मागची-पुढची क्रिया जाणणाऱ्यालाच ती मूर्ती करण म्हणून कळते.

यावरून क्षणिकत्वाची शिकवण खोटी ठरते असे नाही, कारण तिचा मुख्य हेतू मोजमाप हा नसून ‘मी’ आणि ‘माझे’ यांवरील आसक्ती सैल करणे हा आहे, आणि त्या क्षेत्रात कॅमेऱ्याची साक्ष चालत नाही. मात्र कोणता क्षण अर्थपूर्ण, या प्रश्नाला सारखेच क्षणभंगुर असलेले क्षण आपापल्या बळावर उत्तर देऊ शकत नाहीत. ते उत्तर तालाकडून, स्मृतीकडून आणि अपेक्षेकडून, म्हणजे टिकून राहणाऱ्या कशाकडून तरी येते. त्या टिकण्याला बौद्धाने संतान म्हणावे आणि नैयायिकाने आत्मा म्हणावे, पण त्याचा स्वीकार केल्याशिवाय नर्तिकेचे छायाचित्र नृत्याचे छायाचित्र ठरू शकत नाही.