टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचे दिवस

"झील बापाशीसारखो घोरता," असं आपल्याकडे मालवण-देवबागच्या घरांत कौतुकाने सांगतात. हे कौतुक थांबायला हवं. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकून दचकणाऱ्या मुलाच्या श्वासाची वाट बहुतेकदा वाढलेल्या टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडने अडवलेली असते. ऑपरेशनने ती मोकळी होते. 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लवकर ऑपरेशन झालेल्या 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. नुसती वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण 46 टक्के होतं.

तेव्हा ऑपरेशनला भिऊ नये. भ्यावं ते घाईला. "टॉन्सिलचं तर आहे, संध्याकाळी घरी," हे या मुलांच्या बाबतीत बेजबाबदार बोलणं आहे. घशाला सूज, अंगात भुलीचा अंमल. अशा वेळी त्यांना श्वासाचा त्रास इतर मुलांच्या जवळजवळ पाचपट होतो. 3 वर्षांखालच्या किंवा तीव्र त्रासाच्या मुलाची ती रात्र रुग्णालयातच, ऑक्सिमीटर लावून जायला हवी. खाट हवी म्हणून त्याला घरी धाडणं अन्याय आहे.

घरी आल्यावर दुखतं म्हणून मूल पाणीच सोडतं, आणि "थंड नको" म्हणत थोरली माणसं शहाळंही अडवतात. अंगातलं पाणी आटून मग पुन्हा भरती. निवलेली पेज द्या, शहाळं द्या, आइस्क्रीमसुद्धा द्या. सोलकढी झोंबेल, ती राहू द्या. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. कोडीनचं खोकल्याचं औषध मात्र कदापि नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो. त्यातून मृत्यू झाले आहेत.

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. आलं तर सकाळची वाट पाहू नये, 108 ला फोन करावा. देवबागहून ओरोसचं जिल्हा रुग्णालयही लांब, गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय तर शंभरेक किलोमीटर. आणि मूल परत न्यावं लागलं की बोल आईलाच! "तुया नीट बघूक नाय." तीच बिचारी रात्रभर जागलेली असते.

डॉक्टरांनो, घरी सोडताना हे सगळं मराठीत कागदावर लिहून द्या, रात्री लागेल असा फोन नंबर द्या. आणि बापांनो, ते दिवस मुलाच्या उशाशी आळीपाळीने जागा.