उंचीवरील समदृष्टी

१९३२ साली जहांगीर टाटांनी कराचीहून मुंबईस विमानाने टपाल आणिले; १९३९ साली कोल्हापूरनजीक उजळाईवाडीस विमानतळ झाला. आज ईश्वरपूरकडील शेतकरीही तेथून पाहता पाहता मुंबई गाठतो. ज्या बांधाच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तो बांध विमानाच्या खिडकीतून रेघेएवढाही दिसत नाही. हीच समदृष्टी, असे कित्येकांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. उंचीवरून बांध दिसत नाही, तसा बांधावर राबणारा माणूसही दिसत नाही. आणि जेथे माणूसच दिसेनासा होतो, तेथे न्यायबुद्धी कसली? ते केवळ औदासीन्य होय. खरी समदृष्टी जमिनीवर उतरून, दोन्ही भावांची तोंडे पाहूनच साधावी लागते.